सावकाश, खालून आणि सरळ

जहाज बुडवायचं तर त्याच्यात पाणी शिरलं पाहिजे. हे काय सांगायला हवं, असं कुणीही म्हणेल. पण वरून टाकलेला बॉम्ब डेक फोडतो, आग लावतो, माणसं मारतो आणि एवढं होऊनही जहाज पुष्कळदा तरंगत राहतं. जाड पोलादी डेक असलेल्या युद्धनौकेला तर १९४० च्या आसपासचे बरेचसे बॉम्ब पुरतच नसत. टॉर्पेडो मात्र पाण्याखालून येतो, बगलेला भिडतो आणि समुद्राला आत यायला दार उघडून देतो. एवढ्या एका गुणासाठी निरनिराळ्या देशांच्या नौदलांनी हे जड, महागडं आणि कमालीचं हट्टी यंत्र विमानाच्या पोटाला बांधायचा उद्योग आरंभला. त्या उद्योगाची किंमत कुणी आणि कशी चुकवली, हे वाचत गेले तसतशी मी त्यात गुंतत गेले.

नौदलात टॉर्पेडोंच्या देखभालीवर उमेदीची वर्षं घालवलेले आमचे एक काका आहेत. त्यांच्याकडे हा विषय काढला की चहा गार होतो. "अगं, बॉम्ब खाली पडला की त्याचं काम संपतं," ते म्हणतात, "टॉर्पेडोचं पाण्यात पडल्यावर सुरू होतं." त्याच्या पोटात दाबून भरलेल्या हवेची टाकी असते, रॉकेलसारखं इंधन असतं, ते जाळून चालणारं इंजिन असतं. मागे उलटसुलट फिरणारे दोन पंखे. दिशा धरून ठेवायला गरगर फिरणारा जायरो, खोली सांभाळायला पाण्याच्या दाबावर चालणारी झडप आणि तिच्या जोडीला एक लंबक. पुढे स्फोटकं, आणि ती स्वतःच्याच माणसांजवळ फुटू नयेत म्हणून नाकावर एक चिमुकला पंखा, तो पाण्यात ठरावीक अंतर फिरल्याशिवाय स्फोटक जागं होत नाही. म्हणजे हे सगळं मिळून माणूस नसलेली एक छोटी बोटच. "आणि हा एवढा संसार तुम्ही उडत्या विमानातून पाण्यावर आपटणार!" काका हात जोडतात. त्यांच्या मते टॉर्पेडो म्हणजे घरचा जावई. मानपान सांभाळला तर ठीक, नाहीतर बसला रुसून.

या जावयाचे मानपान नीट पाहायला हवेत, कारण पुढच्या सगळ्या मरणांचं मूळ त्यांच्यात आहे. फार उंचावरून सोडला तर आदळून आतलं यंत्र मोडतं. फार वेगात सोडला तरी तेच. नाक फार खाली असेल तर सरळ तळ गाठतो, फार वर असेल तर पोटावर आपटून उडतो आणि भलतीकडे जातो. विमान जरा कलतं असेल तर पाण्यात शिरताच वाकडा वळतो. पाण्यात गेल्यावर आधी खोल बुडी मारतो, मग वर येऊन ठरवलेल्या खोलीवर स्थिरावतो. त्याला जागा हवी. नाकावरच्या पंख्याला फिरायला अंतर हवं. म्हणून फार जवळून सोडता येत नाही, आणि फार लांबून सोडला तर जहाज वाटेतून बाजूला होतं. थोडक्यात काय, तर वैमानिकाने पाण्याला जवळजवळ टेकून, वेग आवरून, एका पातळीत, नाकासमोर उडायचं. तेही जहाजावरची प्रत्येक बंदूक त्याच्याकडे रोखलेली असताना.

याची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. १२ ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत चार्ल्स एडमंड्स या ब्रिटिश वैमानिकाने शॉर्ट १८४ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. वजन झेपावं म्हणून तो एकटाच निघाला होता, जोडीदाराला मागे ठेवून. पाण्यापासून जेमतेम १५ फुटांवर येऊन त्याने नेम साधला. ते जहाज आधीच एका ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी होऊन उथळ पाण्यात रुतलेलं होतं हे कळल्यावर श्रेयाची वाटणी जरा अवघड होते, पण ते असो. मला त्याच्याहून आवडतो तो जॉर्ज डेकर. पाच दिवसांनी तोही असाच निघाला, वाटेत इंजिन कुरकुरायला लागलं, पाण्यावर उतरावं लागलं. समोर शत्रूची एक टग बोट दिसली. त्याने पाण्यावरूनच, बोट हाकावी तसं विमान हाकत नेऊन टॉर्पेडो सोडला, टग बुडवली, आणि ओझं उतरल्यामुळे हलकं झालेलं विमान पुन्हा हवेत उचललं. विमानातून टॉर्पेडो सोडायची सगळ्यात बिनधोक रीत त्याने पहिल्याच आठवड्यात शोधून काढली, ती म्हणजे मुळात उडायचंच नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश नौदलाचं टॉर्पेडो विमान म्हणजे फेअरी कंपनीचं स्वोर्डफिश. दोन मजली पंख, मधे दांडे आणि तारा, अंगावर कापड, वर उघडं. तिघेजण एकामागे एक: पुढे वैमानिक, मधे दिशा आणि वाट पाहणारा निरीक्षक, मागे बिनतारी यंत्र आणि बंदूक सांभाळणारा. आपसात बोलायला रबरी नळी. गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीलगत, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे उभं असलेलं फायरफ्लाय हे याच कंपनीचं, स्वोर्डफिशनंतरच्या पिढीतलं विमान. आपल्या नौदलाने ती वापरली. त्याचं अंग धातूचं आहे, पंख एकमजली, पण पंखांचा पसारा जवळपास स्वोर्डफिशएवढाच. त्याच्या पंखाखाली उभं राहिलं की अंदाज येतो. एवढ्याशा यंत्राच्या, तेही कापडाच्या, पोटाखाली जवळजवळ ५ मीटर लांब आणि सुमारे ७३० किलो वजनाचा टॉर्पेडो लटकवायचा. तो घेऊन विमान ताशी १६०–१७० किलोमीटरने जाई. समोरून वारा असला की मुंबई-पुणे रस्त्यावरच्या मोटारीनेही मागे टाकावं अशी गत.

नेम धरायची सोय पाहून मी थक्क झाले. वैमानिकाच्या समोर, वरच्या पंखाच्या अलीकडे आडवी दांडी, आणि तिच्यावर डावीउजवीकडे ओळीने छोटे दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे जहाजाचा एकेक वेग. समोरचं जहाज किती वेगाने चाललंय याचा अंदाज करायचा, त्या वेगाचा दिवा निवडायचा, तो जहाजाच्या रेषेत आणायचा आणि तसंच उडत राहायचं. संगणक नाही, काही नाही. वेगाचा अंदाज कशावरून? जहाजाच्या नाकापाशी फुटणाऱ्या लाटेवरून.

हा अंदाज किती महत्त्वाचा ते गणित मांडल्यावर कळतं. टॉर्पेडोचा वेग ४० नॉट, म्हणजे सेकंदाला २० मीटरच्या जरा वर. ९०० मीटरवरून सोडला तर पोहोचायला ४४ सेकंद. तेवढ्यात ३० नॉटने पळणारी युद्धनौका ६८० मीटर पुढे गेलेली असते. २५१ मीटर लांबीच्या बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं उदाहरण घेतलं तर स्वतःच्या लांबीच्या पावणेतीनपट. म्हणजे जहाजावर नेम धरायचाच नाही, जिथे अजून नुसतं पाणी आहे तिथे धरायचा आणि जहाज तिथे येईल अशी आशा करायची. आणि जहाजाचा कप्तान काही झोपलेला नसतो. टॉर्पेडो पाण्यात पडताना दिसला की तो जहाजाचं नाक त्याच्याच दिशेला वळवतो. मग टॉर्पेडो जहाजाला समांतर, बगलेवरून निघून जातो. ४४ सेकंद त्यासाठी कमी नाहीत.

यावर उतारा एकच होता. एका बाजूने येऊन भागत नाही. जहाजाच्या पुढच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या, अशा दोन्ही अंगांनी एकाच वेळी यायचं. एका टोळीचे टॉर्पेडो चुकवायला जहाज वळलं की दुसरीला बगल मिळते. १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या किनाऱ्यालगत, कुआंतानजवळ, ब्रिटिशांच्या रिपल्स या युद्धनौकेचा कप्तान टेनंट याने एकामागून एक १९ टॉर्पेडो हुकवले. विसाव्याच्या सुमाराला जपानी विमानं दोन्हीकडून आली. मग मात्र लागोपाठ तडाखे बसले आणि रिपल्स काही मिनिटांत आडवी झाली. सोबतची प्रिन्स ऑफ वेल्स तासाभरात बुडाली. समुद्रात मोकळेपणी फिरणाऱ्या, लढणाऱ्या युद्धनौका निव्वळ विमानांनी बुडवल्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही मिळून ८४० माणसं गेली. जपान्यांची विमानं पडली फक्त तीन.

आता या तीन आकड्यापाशी थांबायला हवं. सावकाश, खालून आणि सरळ उडणारं विमान हे सगळ्यात सोपं लक्ष्य, तर मग कधी तीनच का पडतात आणि कधी सगळीच का? पराक्रमाच्या गोष्टी सांगणारे याचं उत्तर माणसांच्या धैर्यात शोधतात. मला ते पटेनासं झालं ते एका पथकाची गोष्ट कळल्यावर.

त्याआधी तारांतो. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री इलस्ट्रियस या विमानवाहू नौकेवरून २१ स्वोर्डफिश निघाली, दोन तुकड्यांत. त्यांपैकी टॉर्पेडो फक्त ११ जणींकडे, बाकीच्यांकडे प्रकाशदीप आणि बॉम्ब. इटलीच्या टाचेतलं तारांतो बंदर जेमतेम १२ मीटर खोल. एरवी तिथे टॉर्पेडो सोडला तर चिखलात रुतायचा. म्हणून विमानाच्या पुढच्या भागाखाली एक रीळ बसवलं, त्यावरची तार टॉर्पेडोच्या नाकाला. टॉर्पेडो सुटला की तार उलगडत जाई आणि नाक एकदम खाली जाऊ देत नसे. विमानं अडवायला बंदराभोवती बांधून ठेवलेल्या फुग्यांपैकी बरेचसे त्याआधीच्या वादळाने उडवून नेले होते. बंदुका हजारोंनी गोळ्या ओकत होत्या, पण अंधारात आणि पाण्यालगत. तीन युद्धनौकांना टॉर्पेडो लागले, एकट्या लित्तोरियोला तीन. विमानं दोन पडली. जपानी नौदलाचा बर्लिनमधला अधिकारी नाइतो तारांतोला जाऊन सगळं पाहून आला. पुढे कागोशिमाच्या उपसागरात जपानी वैमानिक उथळ पाण्याचा सराव करत राहिले, आणि ७ डिसेंबर १९४१ ला तेवढ्याच उथळ पर्ल हार्बरवर ४० टॉर्पेडो विमानं आली. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हणत होते ते पथक ८२५ क्रमांकाचं, आणि त्याचा प्रमुख यूजीन एस्मंड. युद्धाआधी इंपीरियल एअरवेजमध्ये वैमानिक होता. मे १९४१ मध्ये जर्मनांची बिस्मार्क अटलांटिकमध्ये शिरली, २४ तारखेच्या सकाळी तिने हूड ही ब्रिटिशांची लाडकी नौका बुडवली. १,४०० वर माणसांतली तीन वाचली. त्याच रात्री व्हिक्टोरियस या विमानवाहू नौकेवरून एस्मंड ९ स्वोर्डफिश घेऊन निघाला. वैमानिकांतले काही अगदी नवशिके. ढग, पाऊस, उत्तरेतला लांबलेला संधिप्रकाश. एक टॉर्पेडो लागला, पण बिस्मार्कच्या जाड चिलखतावर. फारसं बिघडलं नाही. परतताना नौकेवरचं वाट दाखवणारं यंत्र बंद पडलेलं. तरीही नऊच्या नऊ स्वोर्डफिश परत उतरली.

बिस्मार्कचा खरा घात झाला दोन दिवसांनी, आर्क रॉयल या विमानवाहू नौकेवरच्या विमानांकडून. त्या दिवसाची सुरुवात मात्र फजितीने झाली. २६ मेच्या दुपारी खवळलेल्या समुद्रात आर्क रॉयलचं डेक पंधरा-सोळा मीटर वरखाली होत होतं. विमान सोडायचं तर डेक वर चढतीला लागण्याची वेळ साधायची, नाहीतर समोर लाटच. अशा हवेत विमानं निघाली आणि ढगांतून खाली येऊन त्यांनी जे जहाज दिसलं त्यावर टॉर्पेडो सोडले. जहाज होतं शेफिल्ड, त्यांचंच. शेफिल्ड पुढे गेल्याचा निरोप वैमानिकांपर्यंत पोहोचलाच नव्हता. शेफिल्डच्या कप्तानाने एकही गोळी झाडू दिली नाही, वेग वाढवून नुसतं चुकवत राहिला. एका विमानाने जाता जाता दिव्याच्या खुणांनी माफी मागितली म्हणे, माशाबद्दल, म्हणजे टॉर्पेडोबद्दल.

पण या फजितीत एक गोष्ट कळली. त्या टॉर्पेडोंतले बरेच पाण्याला लागताच फुटले होते. जहाजाच्या चुंबकीय ओढीने फुटावे म्हणून बसवलेली नवी कळ लाटांच्या हिसक्यानेच सुटत होती. हल्ला खऱ्या शत्रूवर झाला असता तरी वाया गेला असता. आर्क रॉयलवरच्या कारागिरांनी दोनेक तासांत, त्याच हेलकाव्यात, पुढच्या फेरीच्या टॉर्पेडोंच्या कळा काढून जुन्या, धडकेने फुटणाऱ्या कळा बसवल्या. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्यांची नावं छापली का कुठे?" मला तरी दिसली नाहीत.

संध्याकाळी सातच्या सुमारास १५ स्वोर्डफिश पुन्हा निघाली. ढग पार खाली आलेले, त्यामुळे तुकड्या फुटल्या आणि ठरवलेला दोन अंगांचा हल्ला आपोआपच सगळ्या अंगांचा झाला. कुणी कुठून, कुणी कुठून. जॉन मॉफट हा त्यांतला एक वैमानिक, २०१६ मध्ये ९७ व्या वर्षी वारला. तो सांगे की, आपला निरीक्षक विमानाबाहेर ओणवा होऊन, डोकं खाली करून लाटा पाहत होता आणि नळीतून ओरडत होता, "अजून नाही, अजून नाही!" लाटेच्या उतारावर पडला तर टॉर्पेडो कुठेही भिरकावला जाईल; खोलगटात पडला पाहिजे. म्हणजे नेम धरून झाल्यावर, सरळ रेषेत, तोफांच्या समोर, एका बऱ्या लाटेची वाट बघायची. मग कळ ओढली की ७३० किलो एकदम सुटतात आणि विमान टुणकन वर उसळतं, जिथे तोफची वाटच पाहत असतो. ते दाबून खाली धरायचं, पाण्यालगत, आणि वळून पळायचं. हे शेवटचं दाबून धरणं मला सगळ्या प्रकारात अवघड वाटतं. अंगावरचं ओझं गेल्यावर हलकं झालेलं विमान वर जाऊ बघतंय, जीवही तेच म्हणतोय, आणि हाताने मात्र खाली रेटायचं.

त्या संध्याकाळी लागलेल्या टॉर्पेडोंपैकी एक मागच्या बाजूला सुकाणूपाशी लागला. नेमका कुणाचा, यावर अजून वाद घालतात. सुकाणू डावीकडे १२ अंशांवर अडकलं ते अडकलंच. फ्रान्सच्या किनाऱ्याकडे, आपल्या विमानांच्या छायेकडे निघालेलं जगातलं एक बलाढ्य जहाज वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे पाठलागावरच्या ब्रिटिश आरमाराकडेच तोंड करून संथपणे जाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. २,२०० च्या आसपास माणसांतली शंभर-सव्वाशे वाचली. स्वोर्डफिश मात्र शत्रूच्या माऱ्याने एकही पडलं नाही. एकाच्या अंगावर दीडशेहून जास्त भोकं मोजली. गोळ्या कापडातून आरपार गेल्या होत्या.

स्वोर्डफिश इतकं हळू होतं की जर्मन तोफांच्या यंत्रांना त्याचा हिशेबच जमेना, असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. ऐकायला गोड आहे. दुबळेपणाच कामी आला, असं ऐकायला कुणाला आवडत नाही? पण मग पुढचं काय करायचं?

पुढचं असं, की नऊ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९४२ ला, शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन नौका फ्रान्समधल्या ब्रेस्टहून निघून भर दुपारी डोव्हरच्या सामुद्रधुनीतून घरी निघाल्या. एस्मंडने आदल्याच दिवशी राजवाड्यात बिस्मार्कवरच्या हल्ल्याचं पदक स्वीकारलं होतं. त्याच्याकडे सहा स्वोर्डफिश होती, मॅन्स्टनच्या धावपट्टीवर. हल्ला रात्री करायचा असं ठरलेलं. पण जर्मन दिवसा आले. संरक्षणाला लढाऊ विमानांची पाच पथकं येणार होती. वेळेवर आली ती फक्त दहा स्पिटफायर. एस्मंड काही मिनिटं थांबला आणि निघाला. जर्मनांनी या प्रवासासाठी आकाशात आपल्या लढाऊ विमानांचं छत धरलं होतं. स्वोर्डफिशच्या मागे राहता यावं म्हणून त्यांतल्या काहींनी चाकं खाली सोडून वेग कमी केला, असं सांगतात. एस्मंडच्या विमानाच्या शेपटीकडच्या कापडाने पेट घेतला तेव्हा मागे बसलेला तोफची क्लिंटन बाहेर येऊन, विमानाच्या पाठीवर घोड्यासारखा मांडी टाकून बसला आणि हातांनी आग विझवली. उडत्या विमानावर. मग आपल्या जागी परतला. तो वाचला नाही, एस्मंडही नाही. सहाच्या सहा विमानं पडली. १८ पैकी ५ जण जिवंत सापडले. टॉर्पेडो एकही लागला नाही.

तेच पथक, तोच प्रमुख, तेच विमान, तोच टॉर्पेडो. धैर्य काही नऊ महिन्यांत कमी झालं नव्हतं. कमी होता तो काळोख, कमी होता तो ढग, आणि वर होती शत्रूची लढाऊ विमानं, जी भर अटलांटिकमध्ये नव्हती. कुआंतानला जपान्यांची तीनच विमानं पडली तीही याच कारणाने. ब्रिटिश लढाऊ विमानं तिथे पोहोचली तेव्हा रिपल्स बुडालेली होती आणि प्रिन्स ऑफ वेल्स बुडत होती. टॉर्पेडो विमानाला झाकायला काहीतरी लागतंच, स्वतःचं असं त्याला काही नसतं. एस्मंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. ज्यांनी रात्रीची योजना दिवसा तशीच रेटली त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही; लिहायला बसले तर लेख भलतीकडेच जाईल.

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईचंही असंच. ४ जून १९४२. अमेरिकेच्या तीन विमानवाहू नौकांवरून ४१ डिव्हास्टेटर टॉर्पेडो विमानं निघाली. परत आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. हॉर्नेटवरच्या वॉल्ड्रनच्या पथकाची १५ पैकी १५ पडली, ३० माणसांतला जॉर्ज गे हा एकटा उरला. हल्ल्याआधी टॉर्पेडो घेऊन कधी उडालोच नव्हतो, असं त्याने पुढे सांगितलं. त्या वेळचा अमेरिकन मार्क १३ टॉर्पेडो ११० नॉटपेक्षा वेगात आणि ५० फुटांहून वरून सोडला तर बिघडायचा. त्याचा स्वतःचा पाण्यातला वेग ३३ नॉटच्या जरा वर. सोर्‍यू आणि हिर्‍यू या जपानी नौका ३४ नॉटने पळत. म्हणजे नौका पाठ करून पळाली तर टॉर्पेडो तिला गाठूच शकत नव्हता! जपानी कप्तानांनी तेच केलं; पुन्हा पुन्हा पाठ फिरवली, आणि वैमानिक वळसा घालून पुढे जायच्या धडपडीत जपानच्या झीरो या लढाऊ विमानांच्या तडाख्यात सापडत राहिले. लागलेले टॉर्पेडो: शून्य.

या मरणाला एक अर्थ चिकटवायची रीत आहे. त्यांनी जपानी विमानांना खाली खेचलं, म्हणून वरून बॉम्ब टाकणाऱ्यांना मोकळं आकाश मिळालं, असं म्हणतात. घड्याळ बघितलं तर हे अर्धंच खरं आहे. वॉल्ड्रनचं पथक साडेनऊच्या सुमारासच संपलं होतं, बॉम्बवाले आले सव्वादहानंतर. तासाभरात झीरो विमानं पुन्हा वर चढू शकतात. यॉर्कटाउनवरच्या मॅसीच्या पथकाने मात्र नेमकं त्याच वेळी सगळ्यांचं लक्ष खाली वेधलं होतं. आणि लागोपाठच्या हल्ल्यांमुळे जपानी नौका सतत वळत राहिल्या, त्यांना आपली विमानं डेकवर मांडून सोडायला उसंत मिळाली नाही, हेही खरं. पण ते वॉल्ड्रनला माहीत नव्हतं. तो काही कुणासाठी आमिष व्हायला गेला नव्हता. टॉर्पेडो मारायला गेला होता. त्याच्या माणसांच्या हाती चांगला टॉर्पेडो दिला असता तर त्यांना हुतात्मा ठरवायची पाळी कदाचित आली नसती.

कारण चांगला टॉर्पेडो होऊ शकत होता, हे जपान्यांनी दाखवलं होतं. त्यांच्या टाइप ९१ च्या शेपटीला लाकडी पंख असत. हवेत ते त्याला सरळ धरून ठेवत आणि पाण्याला लागताच तुटून पडत. लाकडाची चार फळकुटं! त्यांच्यामुळे जास्त वेगाने, जास्त उंचीवरून सोडता येई. अमेरिकनांना हे जमायला १९४४ उजाडलं. त्यांनीही मार्क १३ च्या नाकावर लाकडी पिंप चढवलं, शेपटीच्या पंखांभोवती कडं बसवलं, आणि मग तोच रुसका टॉर्पेडो शेकडो फुटांवरून, पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेगात सोडला तरी निमूट चालू लागला. ७ एप्रिल १९४५ ला जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका, जपानची यामातो, त्यांनी बुडवली ती याच टॉर्पेडोंनी. आधी तिच्या बहिणीला, मुसाशीला, दोन्ही बाजूंनी मारलं तेव्हा दोन्हीकडून पाणी भरून ती बराच वेळ समतोल राहिली होती. म्हणून या वेळी मुख्यतः डावी बगलच धरली. तीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

तोवर या सगळ्या खटाटोपाला पर्याय निघालेला होता. ९ सप्टेंबर १९४३ ला, इटलीने शरणागती जाहीर केल्यावर, तिचं आरमार दोस्तांकडे निघालं. जर्मन डॉर्नियर विमानं हजारो मीटर उंचीवरून आली. जहाजावरच्या तोफांचा त्यांना फारसा उपद्रव नव्हता. त्यांनी फ्रिट्झ एक्स नावाचे बॉम्ब सोडले, ज्यांना वरून रेडिओने वळवता येई. रोमा ही इटलीची युद्धनौका दोन बॉम्बांत फुटून बुडाली. तिच्यासोबत असलेल्या इटालिया या नौकेलाही एक लागला, पण ती तरली. ही इटालिया म्हणजे नाव बदललेली लित्तोरियो, तीच, जिला तारांतोच्या बंदरात अंधारात तीन टॉर्पेडो बसले होते.

या नव्या शस्त्राला पाण्यालगत यायची गरज नव्हती, लाटांची तर मुळीच नाही. काकांना मी हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि तो बॉम्ब वळवायचा कसा?" डोळ्यांनी. बॉम्बच्या शेपटीला ज्योत लावलेली असे. ती आणि जहाज एका रेषेत ठेवत, हातातल्या दांडीने. त्यासाठी बॉम्ब पुढे जाऊन नजरेत यायला हवा, म्हणून तो सुटल्यावर वैमानिकाने विमानाचा वेग कमी करायचा, आणि बॉम्ब खाली पोहोचेपर्यंत न वळता सरळ उडत राहायचं.

"म्हणजे फक्त ‘खालून’ गेलं," काका म्हणाले, आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.